कुलूप काढा, मग खिचडीनंतरची वीस मिनिटं

आमच्या शाळेत पुस्तकं नव्हती असं नाही. माणदेशातली वाडीवरची दोनशिक्षकी शाळा, पट ३१, आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात २१४ पुस्तकं. बदलून आले तेव्हा चार्ज घेताना मी ती एकेक मोजून घेतली, रजिस्टरवर सही केली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुढचं दीड वर्ष ती पर्समध्येच होती. एखादं पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, एवढीच भीती. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं. आतली पुस्तकं कोरी करकरीत, साहेब खूश, मीही खूश. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की ग्रंथ वापरण्यासाठी असतात. हे मला कुठल्याशा परीक्षेसाठी तोंडपाठ होतं, आणि किल्ली पर्समध्ये होती.

माझ्याकडे तिसरी-चौथी आहे, मुलं १७. पहिली-दुसरी सोबतच्या गुरुजींकडे. मुलांनी आपणहून पुस्तक उचलावं, बसावं, वाचावं, यासाठी गेली पाच वर्षं जे चुकतमाकत केलं ते इथं सांगते. तुमचा वर्ग साठ मुलांचा असेल तर यातलं काही बदलावं लागेल. कुलूप मात्र तुम्हालाही काढावंच लागेल.

आधी रजिस्टरचं भय घालवा

सुरुवात पुस्तकांपासून करू नका, कागदापासून करा. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला: पुस्तके वर्गात व घरी मुलांच्या हाती देणे, आणि वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांचा निर्लेखनाचा, म्हणजे ती रजिस्टरमधून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव दरवर्षी करणे. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल पोरं फाडतील. उलट एक सदस्य आई म्हणाल्या, "फाटलं म्हंजी कुणीतरी वाचलं की, बाई." ठराव प्रोसिडिंगला लिहिला, सह्या घेतल्या. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

पहिल्या वर्षी ९ पुस्तकं गेली. पाच फाटली, तीन हरवली आणि एक शेळीनं खाल्लं. अगदी खरं. पोरगा उरलेलं अर्धं पुस्तक घेऊन आला, कडेला दातांच्या खुणा, आणि रडून रडून डोळे लाल. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी 'शेळीने खाल्ले' असंच लिहिलंय. कुणी विचारलं तर दाखवायला ते अर्धं पुस्तक जपून ठेवलंय. अजून कुणी विचारलेलं नाही.

कपाटाचं कुलूप आता पाण्याच्या मोटारीच्या पेटीला लावलंय.

पुस्तकाचं तोंड दिसलं पाहिजे

फळीवर उभी लावलेली पुस्तकं मोठ्यांसाठी ठीक. मुलांची पुस्तकं असतात १६-२४ पानांची, त्यांचा कणा म्हणजे एक रेघ. उभी लावली की नुसती रद्दी दिसते. मी वर्गाच्या खिडकीच्या गजांना सुतळीच्या तीन ओळी बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवली, मुखपृष्ठ समोर. सगळ्यात वरची ओळ तिसरीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या कपाळाएवढी. पुस्तकासाठी बाईंना हाक मारावी लागली तर ते पुस्तक तिथं नसल्यातच जमा.

एका वेळी तीसच पुस्तकं लावते. सोमवारी सकाळी दहा काढायची, दहा नवीन अडकवायची. दोनशे एकदम मांडली तर मुलं चाळत बसतात आणि वाचत एकही नाहीत. सुरुवातीला मी तोच घोळ घातला होता.

पुस्तकं कमी असतील तर फार अडून बसू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत भरपूर गोष्टी फुकट आहेत, छापून वापरायला परवानगी आहे, आणि त्यांनीच सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या पाडलेल्या आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं स्वस्तात मिळतात. बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतोय, गावातल्या कुणाच्या तरी माळ्यावर जुने अंक सापडतातच. मला एका निवृत्त गुरुजींकडून पोतंभर मिळाले. चौथीची मुलं त्यातली कोडी आधी सोडवतात, मग गोष्टीकडे वळतात. वळू द्यावं.

वेळ: सात मिनिटांपासून

वेळ ठरलेली हवी आणि रोजची हवी. 'काम लवकर संपलं तर वाचा' असं म्हटलं की हुशार मुलं वाचतात. ज्यांना खरी गरज असते त्यांचं काम कधी संपतच नाही. आमच्याकडे खिचडी झाली, ताटं धुतली, की घंटा व्हायच्या आधी वाचन. पोट भरलेलं, ऊन तापलेलं, गणिताला डोकं चालत नाही अशी ती वेळ.

जूनमध्ये सात मिनिटं. हो, सातच. पहिल्याच दिवशी वीस ठेवलीत तर आठव्या मिनिटाला कुणीतरी कुणाची तरी वेणी ओढतो आणि पुढची बारा मिनिटं तुम्ही पोलीस होता. दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवत न्यायचं. गडबड व्हायच्या आत, अजून थोडं हवं होतं असं वाटत असतानाच थांबवायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आम्ही वीसवर येतो. तिथून पुढं मी वाढवत नाही, मुलंच घासाघीस करतात.

बसायचं कुठंही. बस्कर घेऊन व्हरांड्यात, कडुलिंबाखाली, भिंतीकडे तोंड करून, पालथं पडून. दोघांनी एक पुस्तक घेतलं तरी चालेल. अट एकच, एकदा बसलं की जागा बदलायची नाही.

आणि 'मनातल्या मनात वाचा' असा हुकूम सोडू नका. तिसरीच्या मुलाला मनात वाचता येत नाही, तो पुटपुटतो. शब्द त्याच्या कानावर पडल्याशिवाय त्याला कळत नाही. माझा वर्ग या वेळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत असतो. नवीन आलेल्या केंद्रप्रमुखांना तो गोंगाट वाटला होता. पुटपुट चौथीत हळूहळू ओठांवर येते आणि मग थांबते. कुणी सांगावं लागत नाही.

या वीस मिनिटांत बाईंनी काय करायचं? वाचायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण नेमकं त्याच वेळी मोबाईलवर 'आजच्या आज माहिती पाठवा' येतं. मी फोन टेबलाच्या खणात टाकते. माहिती वीस मिनिटांनी गेली म्हणून आजवर आभाळ कोसळलेलं नाही. वह्या तपासणं, हजेरी भरणं हेही त्या वेळी नको. मोठं माणूस स्वतःच्या मजेसाठी वाचतंय, हे दृश्य आमच्या वाडीतल्या बऱ्याच मुलांनी दुसरीकडे कुठं पाहिलेलंच नाही. मी एकदा वाचताना खुदकन हसले तर चार डोकी वर झाली: "बाई, काय झालं?"

कुठलं पुस्तक घ्यायचं

इथं मी एक मोठी चूक केली. पुस्तकांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या: लाल सोप्या, हिरव्या मधल्या, पिवळ्या अवघड. दोन आठवड्यांत खेळाच्या मैदानावर ऐकू आलं, "तू अजून लालच हायस." दुसऱ्या दिवशी चौथीतल्या तीन मुलांच्या हातात पिवळ्या टिकलीची पुस्तकं होती आणि ती उलटी धरली तरी त्यांना फरक पडला नसता. संध्याकाळी बसून सगळ्या टिकल्या नखानं खरवडून काढल्या. काही पुस्तकांवर डाग अजून आहेत.

आता पाच बोटांची युक्ती. पुस्तकाचं मधलं कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर पुस्तक आत्ता आपल्यासाठी नाही. ते जोडीदाराबरोबर वाचायचं किंवा पुढं कधीतरी. ही परीक्षा मूल स्वतःच घेतं, निकालही त्यालाच कळतो, आणि रंग कुणाला दिसत नाही.

मूठ वळते तेव्हा कुठल्या शब्दांनी वळते ते बघून ठेवा, कारण आपल्या मुलांचं अडणं ठरावीक ठिकाणीच असतं. आमच्याकडे पहिला नंबर रफाराचा. 'सूर्य' हमखास 'सूयर' होतो, 'पर्वत' 'पवरत' होतो. मूल चुकत नाही, ते डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतंय. लिहिताना रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि बोलताना त्याच्या आधी येतो, ही गंमत त्याला कुणी सांगितलेली नसते. मी एवढंच म्हणते, "आधी टोपी, मग माणूस." सू, टोपी, य. दोन दिवसांत वर्गात 'टोपी, टोपी' चालू होतं आणि अडथळा निघून जातो. दुसरा नंबर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चा.

तिसरी भानगड मला फार उशिरा कळली. एक मुलगी चांगली वाचणारी, पण एका पुस्तकात ठेचकाळत होती. जवळ जाऊन बसले तर तिनं बोट ठेवून विचारलं, "बाई, ह्यो ल असा का?" पुस्तकातला ल हिंदीसारखा उभ्या दांड्याचा होता आणि श गाठीचा. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, पाठ्यपुस्तकांत मुलं तेच बघतात, पण बाहेरच्या बऱ्याच पुस्तकांत आणि मोबाईलवर हिंदी वळणाची अक्षरं असतात. फळ्याच्या कोपऱ्यात दोन ल आणि दोन श शेजारीशेजारी काढून ठेवले. 'हे मावसभाऊ' असं लिहिलं. एवढं पुरतं.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. नोंदवहीत माझे चार रकाने आहेत: तारीख, पुस्तक, कितव्या पानापर्यंत, आणि 'ठेवून दिलं'. चौथ्या रकान्यात खूण करायला मुलांना फार आवडतं. आवडू दे. आपण तरी घेतलेलं प्रत्येक पुस्तक कुठं पुरं करतो?

वाचून झाल्यावर काही विचारायचं नाही

हे सहकाऱ्यांना पटवताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

१५ ऑक्टोबर हा अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. एका वर्षी त्या निमित्तानं मी तक्ता लावला. पुस्तक वाचलं की चांदणी, जास्त चांदण्यांना बक्षीस, आणि प्रत्येक पुस्तकावर वहीत पाच ओळी सारांश. महिन्यात एका पठ्ठ्यानं ४१ पुस्तकं वाचली. एका मधल्या सुट्टीत चार. मी सहज विचारलं, "त्या हत्तीच्या गोष्टीत काय झालं रे?" तो म्हणाला, "हत्ती व्हता." त्याच्या वहीतले सारांश मलपृष्ठावरून जसेच्या तसे उतरवलेले. बाकीच्यांनी जाड पुस्तकांना हात लावणं सोडलं, कारण जाड पुस्तकालाही चांदणी एकच. आणि ज्या मुलीला खरोखर वाचायला आवडायचं तिनं वाचणंच कमी केलं. तिला लिहायचा कंटाळा होता.

तक्ता काढला. बक्षीस नाही, सारांश नाही, तात्पर्य तर मुळीच नाही. आपण जिलेबी खाल्ल्यावर तिच्यावर पाच ओळी लिहीत नाही.

मग मूल खरंच वाचतंय हे कळणार कसं? रोज दोघांजवळ जाऊन बसायचं. खुर्ची घेऊन नाही, बस्करावर. दोन-दोन मिनिटं. "कुठं आलास? एवढं वाचून दाखव बरं." तो चार ओळी वाचतो, मी ऐकते, अडलेला शब्द डायरीत टिपते, "पुढं काय होईल असं वाटतंय?" इतपत बोलते आणि उठते. सतरा मुलं म्हणजे नऊ दिवसांत एक फेरी. वर्षाला प्रत्येकाच्या वीसेक भेटी होतात, आणि प्रत्येक मुलाचं वाचन मला त्याच्या आईपेक्षा जास्त माहीत असतं. या दोघांपुरतं माझं स्वतःचं वाचन थांबतं, बाकी वेळ मी वाचतेच.

मुलांना आपणहून सांगायचं असेल तर शनिवारी सकाळी, परिपाठ झाल्यावर, ज्याला हौस असेल त्यानं उभं राहायचं. एकदा एक मुलगा उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "ह्ये वाचू नका, ह्यात कुत्रं मरतंय." त्या पुस्तकासाठी पुढचे दोन आठवडे रांग होती.

बुवांसारखं मधेच थांबा

आमच्या गावात हरिनाम सप्ताह असतो. बुवा आख्यान रंगात आणतात, आणि नेमकं अवघड जागी आणून टाळकऱ्यांकडे वळतात, गजर सुरू. आता पुढं काय म्हणून माणसं जागची हलत नाहीत. मी तेच करते. आठवड्यातून दोनदा, शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं मी मोठ्यानं वाचून दाखवते, आवाज काढून, जरा नाटकीपणा करून. विहिरीत उतरलेल्या पोराचा दोर सुटला की पुस्तक मिटायचं, टेबलावर ठेवायचं आणि घरी जायचं. कपाटात ठेवायचं नाही, टेबलावर. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक कुणाच्या तरी दप्तरात असतं. न वाचणाऱ्या मुलांना पुस्तकाकडे ओढायला याच्याइतकं चालणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही. सगळं जमलं नाही तर हे एक तरी करा.

ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांचं काय

सतरातली तीन-चार मुलं दरवर्षी अशी असतात. त्यांच्यासाठी सकाळी वेगळी दहा मिनिटं अक्षरांची, जोडाक्षरांची. ती मेहनत आहेच, वीस मिनिटांच्या वाचनानं ती सुटत नाही. पण वाचनाच्या वेळी चौथीच्या मुलाच्या हातात सगळ्यांसमोर पहिलीचं पुस्तक दिलंत तर तो ते कधीच उघडणार नाही.

मी त्याला काम देते. "शुक्रवारी पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायची आहे, तू तयार कर." मग एका पानावर एक ओळ असलेलं पुस्तक ही लाजेची गोष्ट राहत नाही, ती जबाबदारी होते. तो तीच आठ वाक्यं सोमवार ते गुरुवार घोकतो, मला दोनदा म्हणून दाखवतो, चित्र कुठल्या बाजूला धरायचं याचा सराव करतो. शुक्रवारी पहिलीतली बारकी त्याच्याभोवती कोंडाळं करून बसतात आणि 'दादा, परत वाच' म्हणतात. त्याला आजवर कुणी परत वाच म्हटलेलं नसतं.

घरचं पुस्तक

वाडीतली मुलं 'मी गेलो होतो' म्हणत नाहीत, 'म्या गेलतो' म्हणतात. पुस्तकातली भाषा त्यांना पाहुण्यांची वाटते. म्हणून काही पुस्तकं आम्हीच करतो. एक कोरा कागद घ्या. तो अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडून उलगडला की आठ चौकोन दिसतात. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेघेवर फक्त एका चौकोनाएवढी कात्री चालवा. उलगडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. मधली चीर उघडून चार पाकळ्या होतात, त्या एका बाजूला मिटल्या की आठ पानांचं पुस्तक. पिन नको, डिंक नको.

मूल सांगतं, मी लिहिते, जसंच्या तसं. चित्रं त्याची. 'आमच्या कुत्रीनं वाड्यात पिल्लं घातली. चार व्हती. येक आंधळं व्हतं. म्या त्याला बोटानं दूध पाजलं.' गुरुजी म्हणाले, मॅडम, प्रमाणभाषा बिघडेल. मी म्हटलं, पाठ्यपुस्तक आहे की त्यासाठी. वाड्यातल्या पिल्लांचं ते पुस्तक चिमट्याला टिकतच नाही. त्याची तिसऱ्यांदा नक्कल करावी लागली.

घरी न्यायला शुक्रवारी एक पुस्तक, जुन्या ब्लाउजपीसच्या शिवलेल्या पिशवीत. घरी कुणी शिकवायचं नाही, फक्त कुणाला तरी वाचून दाखवायचं. बहुतेक वेळा ती आजी असते. आजी मधेच 'असं न्हाई, तसं असतंय' म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करते. ते बरंच. सोमवारी एखाद्या वडिलांची तक्रार येते, की अभ्यास सोडून पोरगं गोष्टी वाचतंय. मी त्यांच्यासमोर पोराला कुठल्याही खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचायला सांगते. त्यानंतर ते सहसा काही बोलत नाहीत.

दिवाळीनंतर दोन-तीन घरं मेंढरं घेऊन चारणीला जातात, पोरंही जातात. त्यांच्या पिशवीत तीन-तीन पुस्तकं आणि चार कोरे कागद घालून देते. रजिस्टरला तारीख टाकते आणि परतीचा रकाना मोकळा ठेवते. यंदा नऊपैकी सात परत आली. एक ओढ्यात भिजून फुगलंय, ते वाळवून चिमट्याला लावलंय, त्याच्यामुळे शेजारची दोन पुस्तकं लोंबकळतात. कागद सगळेच भरून आले, पण दोन नुसते हिशेबाचे आहेत: किती कोकरं झाली, किती विकली. ते मी घडी घालून पुस्तकांतच लावलेत.